हरवलेल्या फोनातली शांतीबाई

साकोलीच्या बसस्टँडवर फोन गेला तेव्हा चंदाच्या एका हातात सासूचा दंड होता आणि दुसऱ्या हातात औषधांची पिशवी. नागपूरहून आलेली बस साकोलीपर्यंतच होती. पुढे सौंदडला जायला दुसरी गाडी धरायची, आणि त्या गाडीला झुंबड उडालेली. शांतीबाईच्या उजव्या बाजूला कोणाचा धक्का लागू नये म्हणून चंदा स्वतःच्या अंगानं गर्दी थोपवत चढली. खिडकीजवळ जागा मिळाली. सासूला नीट बसवून नवऱ्याला कळवावं म्हणून तिनं पर्समध्ये हात घातला, तर आतल्या कप्प्याची चेन उघडी होती.

कंडक्टरच्या फोनवरून तिनं आपला नंबर लावला. दोनदा घंटी वाजली. तिसऱ्यांदा फोन बंद झाला होता.

चंदा खाली उतरून शोधायला निघाली, पण सासूला एकटं सोडता येईना आणि गाडीही सुटायला आली.  खिडकीबाहेर शेतांतल्या बांध्यांमधलं धान पोटरीला आलेलं दिसत होतं. शांतीबाई घरी पोचेपर्यंत नुसती तिकडं पाहत बसली.

चंदाच्या सासऱ्याचं, देवचंदचं घर सौंदडच्या एका टोकाला, तलावाच्या पाळीजवळ, मातीच्या बांधाला लागून होतं. तलाव बांधण्यात नाव असलेल्या कोहळी समाजातली माणसं, कोण्या पिढीत आपल्या पूर्वजांनी हा तलाव बांधला हे देवचंद आल्यागेल्याला सांगायचा. चंदाचा नवरा मोहित, देवचंदचा एकुलता मुलगा, गोंदियाच्या राईस मिलमध्ये कामाला होता आणि रोज रेल्वेनं जाऊन येऊन करायचा. शेती देवचंद पाहायचा. घर, चार वर्षांची रेणू आणि आता सासूचं दुखणं चंदाकडं होतं.

शांतीबाईनं छातीतली गाठ वर्षभर लपवली होती. कळलं तेव्हा उशीर झाला होता. नागपूरला ऑपरेशन झालं, पण जखम भरेना. दर आठवड्याला एवढा प्रवास तिच्यानं होत नव्हता. तेव्हा दवाखान्यातल्या ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनं चंदाला सगळं शिकवलं आणि सांगितलं, घरीच पट्टी बदल, दर वेळी जखमेचा फोटो काढून पाठव, डॉक्टर पाहून औषध सांगतील. जुने फोटो मात्र पुसू नको, फरक पडतो की नाही ते ताडून पाहावं लागतं.

पट्टी बदलायच्या दिवशी चंदा मधल्या खोलीची कडी लावायची. देवचंद आपणहून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा. शांतीबाई पदर तोंडावर ओढून घ्यायची.

"तोंड नको येऊ देजो त्याच्यात," ती दर वेळी सांगायची.

"नाही येत, मामीजी," चंदा सासूला म्हणायची.

पण दोन-चार फोटोंत ते आलं होतं. पट्टी निघताना कळ आली की तिच्या हातातला पदर सुटायचा आणि ती सरळ फोनकडं पाहायची. तिच्या लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती आणि उघड्या अंगानं ती नवऱ्यासमोरही कधी उभी राहिली नव्हती.

फोनला कुलूप नव्हतं. चंदा बांधीत जायची तेव्हा फोन सासूजवळ ठेवून जायची, म्हणजे त्रास झाला तर तिला देवचंदला किंवा मोहितला बोलावता येईल. शांतीबाईला ते बोटानं रेघा ओढणं जमत नव्हतं, म्हणून चंदानंच लॉक काढून टाकलं होतं. ज्याच्या हाती फोन लागेल त्याला तो उघडाच मिळणार होता.

त्या दिवशी संध्याकाळी मोहित कामावरून आला. सगळं ऐकून म्हणाला, "फोनच होता ना. जाऊ दे. उद्या पोलिसांत लिहून देऊ, माया जुना फोन वापर तोवर."

तो हातपाय धुवायला गेल्यावर शांतीबाईनं चंदाला जवळ बोलावलं.

"त्याच्यात माये फोटो होते ना?"

"हो."

"खोडले नव्हते?"

"डॉक्टरले पाहायले लागत होते, मामीजी."

शांतीबाईनं दाराकडं पाहिलं. "कोनी पाहील तं?"

"चोर कायले पाहते. सिम फेकते आन फोन इकून टाकते."

"इकाच्या आंधी पाहील ना," शांतीबाई म्हणाली.



पोलिसांत तक्रार दिली, तिची पावती मिळाली. त्याच नंबरचं नवं सिम निघालं. मग चंदा सडक अर्जुनीला गुंजनकडं गेली. गुंजन कटरे तिच्या शाळेतली मैत्रीण. हायवेजवळ तिचं ऑनलाइन कामांचं दुकान होतं. दाखले, भरती, तिकिटं, सगळं ती करायची. फोन कोणाचा हरवला तर लोक तिच्याकडंच यायचे. चंदाला आपल्या खात्याचा पासवर्ड माहीत नव्हता, फोन घेतला तेव्हा दुकानदारानंच तो टाकला होता. पण नव्या सिमवर ओटीपी आला, तिनं नवा पासवर्ड ठेवला आणि खातं उघडलं.

गुंजननं कॉम्प्युटरच्या पडद्यावर नकाशा काढला. साकोलीच्या बसस्टँडवर एक राखाडी ठिपका होता.

"फोन बंद आहे," गुंजन म्हणाली. "ही शेवटची जागा. आता दोन गोष्टी करता येतात. लॉक लावलं तर आतलं जसंच्या तसं राहील, पण कोणाला उघडता येणार नाही, आणि स्क्रीनवर तुझा नंबर दिसेल. मिटवलं तर मग सगळंच साफ. दोन्ही गोष्टी फोन नेटवर आला तरच लागू होतील. तोवर पेंडिंग."

"थोडेसेच फोटो मिटवता येत नाही काय?"

"नाही. मिटवलं तर पूर्ण फोन मिटते."

"आन इथं खात्यात राहिले नाही काय फोटो?"

गुंजननं शोधून पाहिलं. रेणूच्या बारशाचे काही फोटो होते, पुढं काहीच नव्हतं. नेटचा पॅक लवकर संपतो म्हणून कधीतरी बॅकअप बंद केलेला होता. "जे आहे ते फोनातच आहे," ती म्हणाली.

चंदानं गुंजनला फोटोंचं सांगितलं. गुंजननं लगेच विचारलं, "मग मिटवून टाकू?"

"घरी विचारून सांगते."

मिटवायला चंदाचं मन होईना, त्याला कारण होतं. त्या फोनात मंडईच्या दिवशीचा एक व्हिडिओ होता. गेल्या दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली होती, पाहुणे आले होते. शांतीबाई नवं लुगडं नेसून रेणूला घेऊन तलावाच्या पाळीवर गेली होती. मागून देवचंद ओरडत येत होता की पोरीला पाण्याजवळ नेऊ नको, आणि शांतीबाई त्याची नक्कल करून दाखवत होती. त्याच्यासारखा हात कमरेवर ठेवून, त्याच्यासारखा घसा खाकरून. शेवटी स्वतःलाच हसू आवरेना म्हणून ती खाली बसली होती. तेव्हा गाठ होती, पण घरात कोणाला माहीत नव्हतं. शांतीबाईचा चालता-बोलता असा तो एकच व्हिडिओ होता.

चंदानं घरी येऊन सासूला दोन्ही गोष्टी सांगितल्या.

"मिटव," शांतीबाई म्हणाली.

"मंडईचा व्हिडिओ बी जाईल, मामीजी. पाळीवरचा."

"मी आहो ना इथं अजून. व्हिडिओ कायले पायजे?"

चंदाला डॉक्टरांनी बाजूला बोलावून काय सांगितलं होतं ते शांतीबाईला माहीत नव्हतं. दुखणं छातीपुरतं राहिलं नव्हतं. चंदा खाली पाहत म्हणाली, "सध्या लॉक लावू. लॉक लागलं की कोनीच उघडू शकत नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

शांतीबाईनं मान हलवली. चंदानं गुंजनला लॉक लावायला सांगितलं. नेट आल्यावरच ते लागतं, एवढं मात्र तिनं सासूला समजावून सांगितलं नाही. तिला स्वतःलाही तेव्हा त्यात फार मोठा फरक वाटला नव्हता.

पुढच्या पट्टीच्या दिवशी चंदानं मोहितचा जुना फोन हातात घेतला, तर शांतीबाईनं तो हातानं बाजूला सारला.

"आता फोटो नको."

"डॉक्टर कसा पाहील मंग?"

"नाही पाहील."

चंदानं परोपरीनं समजावलं. या फोनला लॉक आहे, पाठवला की लगेच पुसते, तुमच्यासमोर पुसते. शांतीबाई ऐकेना. नागपूरला चला म्हटलं तर ते दूर वाटे, आणि दोनदा ठरवलेलं जाणं अंगात ताप आला म्हणून राहिलं. चंदा सिस्टरला फोन करून जखम कशी दिसते ते तोंडानं सांगायची. लाल आहे, कडेला काळी पडली आहे, वास येतो. सिस्टर म्हणायची, ताई, असं ऐकून कसं कळणार, फोटो पाठवा नाहीतर घेऊन या. देवचंदला हे काही कळत नव्हतं. तो विचारायचा, "काऊन नाही जाऊन राहिली नागपूरले?" शांतीबाई म्हणायची, "जाऊ, धान निघू द्या."

धान निघालं, मळणी झाली. संक्रांतीच्या आधी शांतीबाई गेली. फोटो पाठवले असते तर ती जगली असती असं डॉक्टर म्हणाले नाहीत. चंदानं विचारलं तेव्हा ते म्हणाले, काही महिने इकडंतिकडं झाले असते, त्रास थोडा कमी झाला असता. चंदा ते वाक्य घेऊन घरी आली आणि कोणाजवळ बोलली नाही.

भिंतीवर लावायला फोटो हवा होता. आधार कार्डावरचाच मोठा करून आणला. त्यात शांतीबाई डोळे ताणून पाहत होती, गाल बसलेले, ओठ घट्ट मिटलेले. पाहुणे म्हणायचे, ही वाटतच नाही ती. देवचंद फोटोला रोज फूल वाहायचा, पण त्याच्याकडं फार वेळ पाहायचा नाही. एकदा जेवताना त्यानं विचारलं, "चंदा, तो पाळीवरचा होता ना, तुया फोनात? मायी नक्कल करते तो."

"होता, मामाजी."

"तो आता नाहीच काय कुठी?"

"फोन सापडला तं भेटल."

त्यानंतर तो अधूनमधून विचारत राहिला. बाजाराला जाताना, झोपायच्या आधी. फार काही नाही, नुसतं "लागला काय पत्ता?" एवढंच. चंदा नाही म्हणायची. गुंजनकडं गेली की ती नकाशा पाहून यायची. राखाडी ठिपका साकोलीहून हलला नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत एकदा दुपारी चंदा बायांबरोबर बांधीत वाकून रोवत होती. कमरेला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन वाजला. अनोळखी नंबर होता. तिनं चिखलाचा हात लुगड्याला पुसून तो उचलला.

"हैलो, ये आपका नंबर है क्या? मोबाइल के ऊपर यही लिखा आ रहा है." माणसाचा आवाज होता, मागं गाडीच्या इंजिनाची घरघर.

चंदा बांधीच्या कडेला, धुऱ्यावर येऊन उभी राहिली. "हां. वो मेरा फोन है. तुम कोन बोलते?"

"मैं उदाराम. राजनांदगांव तरफ का हूं दीदी, ट्रक चलाता हूं. बाजार से पुराना लिया था. हफ्ता-दस दिन से बिना सिम के चला रहा था, गाना-वाना सुनने को. आज सिम डाल के नेट चालू किया और ये लॉक हो गया."

"हमारा चोरी हुआ था."

"मेरे को क्या मालूम, दीदी. मैं तो पैसा दे के लिया हूं." तो मग जरा हळू आवाजात म्हणाला, "एक बात पूछूं, बुरा मत मानना. वो अम्मा ठीक हैं अब?"

चंदाला आधी कळलंच नाही. "कौन अम्मा?"

"जिनको छाती में घाव है. जान के नहीं देखा दीदी, फोटो खोला तो वही सामने आया. घरवाली को भी दिखाया मैं. वो भी बोली, कितना कष्ट है बिचारी को."

चंदा धुऱ्यावर खाली बसली. पलीकडं बाया रोवत पुढं सरकत होत्या, त्यांचं गाणं चालू होतं. या माणसाला शिवी द्यावी असं तिच्या मनात आलं, पण तोंडातून निघेना. त्याच्या आवाजात घाण काही नव्हतं. तो खरंच विचारत होता.

"नहीं रही वो," ती म्हणाली.

"राम राम," उदाराम म्हणाला.  मग त्यानंच सुचवलं. परवा नागपूरचा माल घेऊन याच हायवेनं जाणार आहे. सडक अर्जुनीजवळ कोहमाऱ्याच्या चौकात ढाब्यावर थांबतो. तुम्ही या, तिथंच लॉक उघडा, अम्माचं जे आहे ते काढून घ्या. मग फोनचं काय ते आपण बसून ठरवू. चंदा हो म्हणाली.

ती तशीच चिखलाच्या पायांनी बस धरून गुंजनकडं गेली. ठिपका आता हिरवा होता आणि नकाशात राजनांदगावच्या अलीकडं दिसत होता.

"आता फोन नेटवर आहे," गुंजन म्हणाली. "आता मिटव. पुन्हा कधी बंद होईल सांगता येत नाही."

"परवा भेटते तो. व्हिडिओ काढून घेते आन मंग मिटवते."

"आणि नाही आला तर?"

"बोलनं चांगलं होतं त्याचं."

गुंजननं खुर्ची तिच्याकडं वळवली. "चंदा, त्यानं आधीच पाहिलं आहे. लॉक लागायच्या आधी दुसऱ्या फोनात घेतलं असेल तर तेही आपल्याला कळणार नाही. जेवढं हातात आहे तेवढं तरी कर."

चंदाला तिचं पटत होतं. पण घरी म्हातारा अजून विचारत होता, त्याला दोन दिवसांनी ते हसू पाहायला मिळालं असतं. तिनं मिटवलं नाही. नकाशा मात्र गुंजनकडून आपल्या फोनवर घेतला.

घरी तिनं फोनचा पत्ता लागल्याचं सांगितलं. देवचंद ओट्यावरून उठून आत आला. "त्याच्यात असल ना तो?"

"असल, मामाजी."

म्हातारा रेणूला मांडीवर घेऊन तिला आजी पाळीवर कशी नक्कल करायची ते सांगायला लागला. चंदा चुलीकडं वळली. तेवढ्यात मोहित कामावरून आला. देवचंदनंच त्याला सांगितलं. मोहितनं चंदाचा फोन घेतला, आलेला नंबर पाहिला, आणि तिनं भाकरी तव्यावरून काढून मागं वळेपर्यंत तो अंगणात जाऊन बोलूही लागला होता.

"चोरी का माल लेते हो और ऊपर से सौदा करते हो? परसों पुलिस लेके आता हूं मैं, देखता हूं कैसे नहीं देते." तिकडून काहीतरी बोलणं झालं. "वो तुम पुलिस को समझाना," म्हणून मोहितनं फोन ठेवला.

चंदा दारात उभी होती. तिनं त्याला अंगणाच्या कडेला, विहिरीजवळ नेलं आणि त्या फोनात काय आहे ते सांगितलं. पदराचं, तोंड दिसणाऱ्या फोटोंचं, ट्रकवाल्याच्या बायकोचं.

मोहितनं विहिरीच्या कठड्यावर हात टेकला. "मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमाले नको सांगू म्हणत होत्या त्या. मामाजीले बी नको."

"मी त्याले पोलिसाचं बोललो."

"ऐकलं मी."

त्यानं पुन्हा नंबर लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

ठरलेल्या दिवशी मोहितनं सुटी घेतली. दोघं मोटरसायकलवर कोहमाऱ्याच्या चौकात गेले आणि ढाब्यासमोर उभे राहिले. पाऊस भुरभुरत होता. चंदा पदराखाली फोन धरून नकाशा पाहत होती. ठिपका देवरीच्या पलीकडं होता. मग देवरीत आला. बराच वेळ तिथं थांबला, तेव्हा मोहित म्हणाला, जेवत असल. मग तो पुन्हा निघाला.

"घाट उतरला," चंदा म्हणाली.

ट्रक एकामागून एक येत होते. छत्तीसगडचे नंबर बरेच होते. ताडपत्री बांधलेले, लोखंड भरलेले, रिकामे. उदारामची गाडी कोणती, लाल की पिवळी, त्यांना काहीच माहीत नव्हतं. मोहित रस्त्याच्या कडेला जाऊन हात दाखवत होता. दोन-तीन ड्रायव्हरांनी त्याच्याकडं पाहिलं आणि गाडी पुढं नेली. एकानं हॉर्न वाजवला. चंदानं नंबर लावला. घंटी वाजत होती, कुठल्यातरी जवळच्याच गाडीत वाजत असणार.

ठिपका चौकाजवळ आला, मग चौकात आला. नकाशात तो आणि ती एकाच ठिकाणी होते. चंदानं मान वर केली तेव्हा समोरून तीन ट्रक लागोपाठ गेले, चाकांचं पाणी तिच्या पायांवर उडालं. तिनं परत पाहिलं तर ठिपका साकोलीच्या दिशेला सरकला होता.

"गाडीवर बस," मोहित म्हणाला.

ते मोटरसायकलवर मागं लागले. पावसात मोहितला नीट दिसत नव्हतं. एकेका ट्रकाच्या बरोबरीनं गाडी घेत चंदा वर केबिनकडं पाहून ओरडायची, "उदारामभाऊ." एका केबिनमध्ये म्हातारा सरदार होता. दुसऱ्यातल्या माणसानं खिडकीची काच वर केली. तो असेल किंवा नसेल. ठिपका थांबून थांबून पुढं उडी मारायचा, कधी त्यांच्या मागं दिसायचा, कधी पार पुढं. सौंदडचा फाटा मागं पडला. एका वळणावर मोटरसायकल घसरता घसरता राहिली तेव्हा मोहितनं ती कडेला घेतली. दोघंही धापा टाकत होते.

"साकोलीच्या पुढं कुठी जाऊ आता," तो म्हणाला.

चंदानं पाहिलं, नकाशावर त्या फोनाची बॅटरी थोडीच दाखवत होती. फोन बंद झाला की संपलं. मग तो कोणाच्या हातात जाईल, कोण लॉक तोडून घेईल, कोणाच्या घरात कोणाची घरवाली पाहील, यातलं काहीच तिला कळणार नव्हतं. तिनं मिटवण्याच्या खुणेवर बोट ठेवलं. पडद्यावर विचारणा आली, हे परत मिळणार नाही.

मोहित तिच्या खांद्यावरून पाहत होता. "बाबाले काय सांगशील?"

"मी सांगीन."

पासवर्ड विचारला. ओल्या बोटांनी तिनं तो टाकला तर चुकला. पदराच्या आतल्या बाजूनं पडदा पुसून तिनं पुन्हा टाकला. एक वर्तुळ फिरत राहिलं आणि मग आलं की फोन साफ होत आहे. थोड्या वेळानं ठिपका नकाशावरून गेला. मोहितनं तोंड दुसरीकडं फिरवलं. आईचा आवाज त्यानंही ती गेल्यापासून ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उदारामचा फोन आला. त्यानं सिम आपल्या जुन्या साध्या फोनात टाकलं होतं.

"भैया ने पुलिस बोला तो मैं डर गया, दीदी. गाड़ी सेठ की है, केस में फंस जाता तो काम जाता. मैंने देखा था आप लोगों को. रुका नहीं गया मेरे से. माफ करना."

"वो फोटो किसी को भेजे क्या? दूसरे फोन में लिए क्या?"

"नहीं दीदी. कसम से."

"घरवाली ने?"

"नहीं. वो तो बस देखी."

चंदा आणखी काय विचारणार होती. तिनं फोन ठेवला. तो खरं बोलत असेल असं तिला वाटलं, आणि दिवसभर मग ती तेच मनाशी म्हणत राहिली.

देवचंदला तिनं पाळीवर गाठून सांगितलं. तो पाण्याची पातळी पाहायला गेला होता.

"फोन नाही भेटला, मामाजी. आन त्याच्यातलं सगळं मी मिटवून टाकलं."

"मिटवलं? काऊन?"

"लोकाच्या हातात होता."

"लोकाच्या काय कामाची होती ती?" म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "त्यानं पाहून पाहून काय पाह्यलं असतं? मायी नक्कल करून राहिली होती, एवढंच ना. राहू दिलं असतं तं कधीतरी भेटलं असतं."

चंदा पाण्याकडं पाहत उभी राहिली. सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं. आणि मग ज्या माणसापासून शांतीबाईनं ते सगळ्यात जास्त लपवलं होतं, त्याच्याच डोळ्यांसमोर ते उभं राहिलं असतं. देवचंदनं थोडी वाट पाहिली. मग तो काठी टेकत घराकडं निघाला. त्यानंतर तो चंदाशी कामापुरतंच बोलू लागला. वाढलेलं जेवायचा, पाणी लागलं तर रेणूला सांगायचा.

रोवणी संपल्यावर केशोरीहून अनुसयाबाई आली, शांतीबाईची धाकटी बहीण. ती भिंतीवरच्या फोटोसमोर बसून रडली आणि म्हणाली, हा काही चांगला नाही निघाला, दुसरा नव्हता काय?

"होता," देवचंद म्हणाला. "बोलता होता. सुनेनं मिटवून टाकला."

अनुसयाबाईनं चंदाकडं पाहिलं. "असं कोनी करते काय, बाई?"

मोहित दाराशी बसला होता. त्यानं मान वर केली आणि बोलायला तोंड उघडलं. "मावशी, ते असं..."

"ऐकून राहिले काय," चंदा मध्येच म्हणाली, "बैल सुटला वाटते, पाहा जरा." मोहित तिच्याकडं पाहत राहिला, मग उठून गोठ्याकडं गेला. चंदानं कपबशी मावशीपुढं ठेवली.

"झालं माया हातून, मावशी," ती म्हणाली, आणि दुसरा कप सासऱ्यापुढं ठेवला. त्यानं तो घेतला नाही. चहावर साय धरेपर्यंत कप तिथंच होता. मग रेणूनं उचलून आजोबाच्या हातात दिला, तेव्हा तो चहा प्यायला.